हात आणि मोळ

लुमाण्णाकाका गेला तेव्हा
म्हशी पुतण्यांनी नेल्या,
पहारी, घमेली जावयाला गेली,
आणि ही एक्कावन्न गाठींची काथ्याची दोरी
माझ्याकडं आली, कारण कुणी मागितलीच नव्हती.

नंदगडपासून बीडीपर्यंत विहिरींचा गाळ काढायचा तो.
कुठल्या विहिरीला कुठल्या अंगानं पाझर,
जांभा कुठं संपतो, काळा पाषाण कुठं लागतो,
सगळं त्याच्या पोटात.
विचारलं की विडी पेटवायचा.
"सांगून टाकलं तर मला कोण बोलावंल गं?"
खोटं नव्हतं ते.
पोटातलं होतं म्हणून पोट चालायचं.

एकदा साहेब आले होते जीपमधून.
विहिरीत चकचकीत टेप सोडली, आकडे लिहिले,
खानापूरला नेले, तिथनं बेळगावला, तिथनं बेंगळूरला.
सासरी दिलेल्या पोरीसुद्धा पंचमीला येतात.
आकडे आले नाहीत.

मग मीच मोजू लागले.
दर सोमवारी, शाळेतल्या बिसी-ऊटाची पातेली घासून झाली की
दोरी सोडायची, कोरड्या गाठी मोजायच्या,
जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या पानावर लिहायचं.
माघात सतरा हात. फाल्गुनात एकोणीस.
चैत्रात तेवीस, आणि काठावर घागरींची आदळआपट.
तीन वर्षं अशीच लिहिली.

गाव म्हणायचं, ओढ्यापलीकडचे पाणी ओढतात.
पलीकडचं गाव काय म्हणत असेल
ते न विचारताही कळत होतं.
आमचा ओढा, त्यांचा हळ्ळ,
आणि दोघांचा मिळून तळव्याला चटके देणारा वाळूचा पट्टा.

तो ओलांडायला मला इतका वेळ का लागला, कुणास ठाऊक.
शिवगंगव्वाच्या चुलीमागच्या भिंतीवर
गेरूच्या रेघा होत्या,
उगादी ते उगादी, सात वर्षांच्या.
तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.
"एष्टु?" मी विचारलं, माझ्या मोडक्या कन्नडात.
"इप्पत्तैदु मोळ."

पंचवीस. पण मोळ म्हणजे केवढा?
उंबऱ्यावर बसलो दोघी,
कोपराला कोपर टेकवलं, हाताला हात लावला.
तिची करंगळी वाकडी, विळ्यानं कापलेली.
तिचा मोळ माझ्या हाताहून दोन बोटं आखूड.
दर गाठीला दोन बोटं:
तिच्या नातीनं पाटीवर हिशेब मांडला,
दोनदा चुकली, थुंकी लावून पुसला, पुन्हा मांडला.

तेव्हा दिसलं.
आमची विहीर उतरली
की अकराव्या दिवशी त्यांची उतरते.
तिन्ही वर्षं तसंच.
उरलेल्या चार वर्षांच्या रेघांना जोडच नव्हती,
ती काकाच्या पोटातच जळून गेली.

शिवगंगव्वा बराच वेळ गप्प होती.
मग रेघेवरनं बोट फिरवत म्हणाली, "ओंदे नीरु."
एवढं कन्नड मला येतं.

भांडण मिटलं असं म्हणणार नाही.
भरमाची मोटर अजून रात्री दीडला घरघरते.
पंचायतीत फळा लावायचा ठरला,
त्यावर कुठली भाषा वर, कुठली खाली
यात अडीच तास गेले, आणि चहा संपला.
शेवटी नातीनंच ओढ्याकाठच्या पंपघराच्या भिंतीवर
एका बाजूला गाठी काढल्या, एका बाजूला रेघा.
खाली फक्त सोमवार.
ना हात लिहिलं, ना मोळ.

परवा बघते तर मधेच
कुणीतरी खडूनं तिसरी रांग ओढून गेलेलं.
नाव नाही, गाव नाही.
पण ती रांग आमच्याही आधी सहा दिवस उतरलीय,
म्हणजे चढाला कुणीतरी आहे,
कुणीतरी मोजतंय.

आज सोमवार नाही.
तरी दोरी खांद्यावर टाकलीय.
जाऊन बघते,
त्यांचा हात केवढा.